पावसाचं पाणी अडवणारी आणि गाळणारी नदीकाठची बाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदीकाठाच्या कामाचा विषय निघाला की पुणे असो, नाशिक असो की कोल्हापूर, तेच प्रश्न पुन्हा पुढे येतात. कुणाला डासांची धास्ती असते, कुणाला पुराची, तर कुणाला सकाळी चालायला चांगली वाट मिळाली तरी पुरे असतं. खालच्या उत्तरांतली उदाहरणं मुख्यतः दोन ठिकाणची आहेत. एक पुणे, कारण इथले ओढेनाले रोजच्या पाहण्यातले आहेत. दुसरं सिंगापूरचं बिशान-आंग मो किओ उद्यान. तिथे काँक्रीटचा नाला उखडून त्याची पुन्हा नदी केली, त्याला आता दहा वर्षांवर काळ लोटला आहे आणि त्यातलं काय टिकलं ते बघता येतं.

अशी बाग म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या बागेत आणि हिच्यात फरक कोणता?

फरक उंचीचा आहे. नेहमीची नदीकाठची बाग करताना आधी राडारोडा आणि मुरूम टाकून भराव घालतात, नदीच्या बाजूला भिंत उभी करतात आणि वर लॉन, पेव्हर ब्लॉकची वाट, दिव्याचे खांब येतात. रस्त्यावरचं पाणी बागेखालच्या पाइपातून जसंच्या तसं नदीत जातं. बागेचा आणि पाण्याचा संबंधच येत नाही.

पाणी गाळणारी बाग रस्त्यापेक्षा खोलगट असते. कर्बला, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या उंच दगडी काठाला, जागोजागी फटी ठेवलेल्या असतात, तिथून रस्त्यावरचं पाणी आत उतरतं. आधी एका छोट्या कुंडात त्यातली माती, प्लास्टिक आणि पालापाचोळा अडतो. मग ते गवताच्या चरांतून सावकाश वाहतं, वाळूमिश्रित मातीच्या वाफ्यांवर पसरतं, खालच्या खडीतून झिरपतं आणि काही तासांनी नदीला मिळतं. एरवी जे पाणी पाच-दहा मिनिटांत नदीत आदळलं असतं, त्याला इथे थांबावं लागतं. सगळं काम होतं ते या थांबण्यात. गाळ बसतो, मुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना वेळ मिळतो आणि नदीची पातळी एकदम चढत नाही.

पावसाचं पाणी तर स्वच्छच असतं. ते गाळायचं कशाला?

आभाळातून पडतं तेव्हा ते बरंच स्वच्छ असतं, रस्त्यावरून वाहिल्यावर नाही. ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत रस्त्यावर जे साचतं, ते जूनच्या पहिल्या दोन-तीन सरींत धुऊन निघतं: टायरची भुकटी आणि तिच्यातलं जस्त, ब्रेकमधलं तांबं, गाड्यांचं गळलेलं ऑइल, बांधकामाची धूळ, कुत्र्या-गुरांची विष्ठा. पहिल्या सरीचं पाणी रस्त्याकडेला बादलीत धरून तासभर तसंच ठेवा, तळाशी काळा थर बसलेला दिसेल. हे सगळं एकदम नदीत गेलं की तिच्या पाण्यातला प्राणवायू झपाट्याने उतरतो. पहिल्या पावसानंतर मेलेले मासे तरंगतात, त्याचं हे एक कारण आहे.

म्हणून आराखडा करताना वर्षातली सगळ्यात मोठी सर पकडायचा हट्ट धरायचा नसतो. पहिल्या सरी आणि प्रत्येक पावसाचा सुरुवातीचा भाग हाती लागला की बरीचशी घाण अडते.

किती पाणी येतं आणि त्याला किती जागा लागते?

हिशेब सोपा आहे आणि तो प्रत्येकाने एकदा स्वतः करून बघावा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. एक हेक्टर रस्ते आणि छतांवर २५ मिमी पाऊस पडला तर अडीच लाख लिटर होतात. त्यातलं ८० टक्के वाहून आलं असं धरलं तर दोन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. आणि हे फक्त एका हेक्टरचं झालं.

आता जागा. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्नकडे, गाळणीच्या वाफ्यांसाठी एक ठोकताळा आहे: ज्या पक्क्या जागेवरून पाणी येतं तिच्या साधारण २ टक्के. म्हणजे हेक्टरला २०० चौरस मीटर. एवढ्या वाफ्यावर ३० सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तर साठ हजार लिटर मावतात. वाफ्यातून ताशी २०० मिमी वेगाने पाणी मुरत असेल तर दर तासाला आणखी चाळीस हजार लिटर खाली जातात. दोन लाख लिटर चार तासांत सावकाश आले तर सगळे गाळून निघतील. पण आपल्याकडचा वळीव अर्ध्या तासात कोसळतो. मग साठ आणि वीस मिळून ऐंशी हजार लिटर गाळले जातील आणि बाकीचं पाणी सांडव्यावरून थेट नदीत जाईल.

थोडक्यात, मेलबर्नचा आकडा उचलून पुण्यात किंवा कोकणात लावता येत नाही. जागा दुप्पट-तिप्पट ठेवावी लागते, किंवा मोठ्या सरींतलं बरंचसं पाणी न गाळता जाणार हे आधीच मान्य करावं लागतं. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. पत्रकात 'शंभर टक्के पाणी शुद्ध' लिहिणं तेवढं टाळावं.

वाफ्याच्या आत नेमकं काय असतं?

वरून दिसतो तो लव्हाळा आणि वाळ्याचा हिरवा पट्टा. कापून पाहिला तर चार थर दिसतील. सगळ्यात वर १० ते ३० सेंटिमीटर रिकामी खोली, पाणी उभं राहायला. तिच्याखाली किमान ४० सेंटिमीटर, शक्य तिथे ८०-१०० सेंटिमीटर, वाळूचा वाटा जास्त असलेली माती. हा खरा गाळणीचा थर. त्याखाली जाड वाळूचा पातळ थर, म्हणजे वरची माती खडीत उतरणार नाही. आणि तळाशी खडी, खडीत छिद्रं पाडलेला पाइप.

मुख्य थराची माती निवडताना सगळ्यात जास्त चुका होतात. माती फार बारीक असली तर पहिल्याच पावसाळ्यात वाफा चोंदतो. नुसती वाळू घातली तर पाणी सरकन निघून जातं, काही अडत नाही आणि मेमध्ये झाडं वाळतात. ताशी १०० ते ३०० मिमी हा मुरण्याचा वेग योग्य समजला जातो. तो जागेवर तपासता येतो: सहा इंची पाइपाचा तुकडा वाफ्यात ठोकायचा, आजूबाजूची माती आधी भिजवून घ्यायची, मग पाइपात पाणी ओतून घड्याळ लावायचं आणि पातळी किती उतरते ते पट्टीने मोजायचं. ठेकेदाराचं बिल निघण्याआधी ही चाचणी सगळ्यांसमोर झाली पाहिजे.

आणखी एक बारकावा आहे. तळाच्या पाइपाचं तोंड सरळ खाली न सोडता कोपर लावून ३०-४० सेंटिमीटर वर उचललं की वाफ्याच्या तळाशी कायम ओल राहते. तिथे प्राणवायू नसतो, आणि तिथले जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो हवेत सोडतात. शिवाय पावसाने दहा-पंधरा दिवस दडी मारली तरी झाडांच्या मुळांना पाणी मिळतं. दोन कोपरांच्या खर्चात एवढं काम होतं.

आमच्याकडे काळी माती आणि खाली कातळ. पाणी मुरणारच नाही, मग उपयोग काय?

मुरण्यावर भिस्त ठेवूच नका. दख्खनच्या पठारावर थोड्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्ट असतो. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते. त्यामुळे इथे वाफा 'गाळून सोडण्या'साठी बांधायचा. जागची काळी माती काढायची, तिच्या जागी ठरवलेलं मिश्रण भरायचं आणि तळाचा पाइप न विसरता घालायचा. काठावरच्या इमारतीचा पाया जवळ असेल तर त्या बाजूला जाड प्लास्टिकचं अस्तर द्यावं. खाली मुरूम लागला तर थोडं पाणी जमिनीत जातं, तो वरचा फायदा.

नाल्यातून बारमाही मैलापाणी वाहतं. बाग ते साफ करील का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

मार्च-एप्रिलमध्ये, पाऊस पडून चार-पाच महिने उलटलेले असताना, आपल्या भागातली पावसाळी वाहिनी नदीला मिळते तिथे जाऊन उभे राहा. पाइपातून पाणी येत असेल तर ते पावसाचं नाही. कुठेतरी ड्रेनेजची लाइन पावसाळी लाइनला जोडलेली आहे, किंवा चेंबर तुंबून उलटं वाहतं आहे. या पाण्यावर गाळणीचे वाफे बांधले तर महिनाभरात वरचा थर चिकट होतो, वास सुटतो, झाडं पिवळी पडतात, आणि मग लोक म्हणतात की ही कल्पनाच फसवी आहे.

शांघायचं हौतान उद्यान २०१० च्या जागतिक प्रदर्शनासाठी हुआंगपू नदीच्या काठावर, जुन्या पोलाद कारखान्याच्या आणि गोदीच्या जागेवर उभं राहिलं. उद्यान १४ हेक्टरचं, त्यात १.७ किलोमीटर लांबीचा पाणथळ पट्टा, आणि तो नदीचं २,४०० घनमीटर पाणी दिवसाला साफ करतो. आकडा मोठा वाटतो. पण आपल्याकडे माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी होतं. त्या मापाने २४ लाख लिटर म्हणजे साधारण बावीस हजार माणसांचं सांडपाणी. शिवाय हौतानमध्ये येतं ते नदीत मिसळून पातळ झालेलं पाणी, थेट मैलापाणी नव्हे. चौदा हेक्टरांत एवढं काम होत असेल, तर शहराचं मैलापाणी बागांच्या भरवशावर सोडता येणार नाही हे उघड आहे. त्याला मैलावाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रंच लागतात.

सिंगापूरचा क्रमही हेच सांगतो. तिथे १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं सिंगापूर नदी आणि कलांग खोऱ्याच्या सफाईत गेली. डुकरांचे आणि बदकांचे गोठे हलवले, फेरीवाल्यांना पाणी आणि ड्रेनेज असलेल्या जागा दिल्या, घरं मैलावाहिनीला जोडली. बिशान उद्यानातली वळणदार कलांग नदी लोकांसमोर आली २०१२ मध्ये, म्हणजे सफाई संपून पंचवीस वर्षांनी. छायाचित्रांत नदी दिसते, आधीची दहा वर्षं दिसत नाहीत. आपल्याकडे मात्र बागेची निविदा आधी निघते आणि ड्रेनेजची जोडणी 'पुढच्या टप्प्यात' जाते. नदीकाठाच्या कोणत्याही कामाला पाठिंबा देण्याआधी हा क्रम विचारा.

बिशानमध्ये त्यांनी नक्की केलं काय?

कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा तुकडा सरळ काँक्रीटच्या नाल्यात कोंडलेला होता, १७ ते २४ मीटर रुंद. शेजारी उद्यान होतं आणि मध्ये कुंपण. नाल्याचं काँक्रीट जुनं झालं होतं आणि पावसाच्या पाण्याला तो अपुरा पडत होता. तो पुन्हा तसाच बांधण्याऐवजी २००६ मध्ये सुरू झालेल्या 'ॲक्टिव्ह, ब्यूटिफुल, क्लीन वॉटर्स' या कार्यक्रमाखाली उद्यान आणि नाला यांचा एकत्र आराखडा झाला. काँक्रीट फोडलं, नदीला वळणं दिली, तिची लांबी ३.२ किलोमीटर झाली आणि मोठ्या पावसात पसरायला जवळपास १०० मीटर रुंदी मिळाली. पाणी वाहून नेण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. एरवी ही जागा गवताचं मैदान असते. तिथे मुलं खेळतात, लोक चटया टाकून बसतात.

काठ टिकतील का, ही शंका तिथेही होती. उष्ण प्रदेशातल्या जोरदार पावसात नुसत्या माती-मुळांचे काठ तग धरतील असा अनुभव गाठीशी नव्हता. म्हणून आधी ६० मीटरच्या एका तुकड्यावर दगड, फांद्यांच्या जुड्या, गवताच्या गुंडाळ्या, मातीच्या पिशव्या अशा दहाएक पद्धती लावून बघितल्या. ज्या टिकल्या त्या मोठ्या कामात वापरल्या. फोडलेल्या काँक्रीटचे तुकडे बाहेर टाकले नाहीत, त्यांचीच टेकडी करून वर बसायची जागा केली. आपल्याकडचा राडारोडा कुठे जातो ते आठवलं की हे काम जास्तच आवडतं.

उद्यानाच्या वरच्या अंगाला पाणवनस्पतींचे पायऱ्यापायऱ्यांचे वाफे आहेत. तळ्याचं आणि नदीचं पाणी पंपाने तिथे चढवतात, ते गाळून परत सोडतात. मुलांच्या खेळण्याच्या जागी जाणारं पाणी मात्र त्यानंतर अतिनील किरणांखालूनही जातं. पुढे तिथे पाणमांजरांचं एक कुटुंब राहायला आलं आणि शहरभर प्रसिद्ध झालं.

साबरमतीसारखा देखणा काठ का नको?

साबरमतीचा काठ हे वेगळं काम आहे. दोन्ही बाजूंना भिंती बांधून पात्राची रुंदी साधारण २६३ मीटर अशी एकसारखी केली. तिथे वर्षभर दिसणारं पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचं, वासणा बंधाऱ्याने अडवलेलं. फिरायला जागा मिळाली, हे खरं. पण रस्त्यावरचं पाणी गाळणं हे त्या भिंतींचं काम नव्हतं.

आपल्या मुळा-मुठेला थोड्या थोड्या अंतरावर ओढे मिळतात: आंबिल ओढा, नागझरी, भैरोबा नाला, वर रामनदी, देवनदी. भिंत आली की प्रत्येक ओढ्याच्या तोंडाला पाइप किंवा मोरी येते. नदी चढली की ते तोंड पाण्याखाली जातं आणि ओढ्याचं पाणी मागे वस्तीत फुगतं. माझ्या मते इथे सगळा पैसा आणि डोकं ओढ्यांच्या तोंडाशी खर्च व्हायला हवं. नदीचा काठ उतरता, मातीचा राहू द्यावा आणि प्रत्येक ओढा मिळतो तिथे एक-दोन एकरांची पाणथळ जागा सोडावी.

यामुळे पूर थांबेल का?

दोन वेगळे पूर आहेत. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बंद होतो, आणि २५ जुलै २०२४ सारख्या दिवशी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरतं. हा घाटमाथ्यावरच्या पावसाचा आणि धरणाचा पूर. काठावरच्या वाफ्यांनी त्यात फरक पडत नाही. त्याला लागते मोकळी जागा, म्हणजे भराव न टाकलेलं पात्र.

दुसरा पूर शहराच्या स्वतःच्या पाण्याचा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा फुटल्यासारखा वाहिला, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी परिसरात भिंती पडल्या, आणि पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. ते पाणी धरणातून सोडलेलं नव्हतं. कात्रजकडून खाली येणाऱ्या पावसाला वाटेत थांबायला जागाच उरली नव्हती. याच ओढ्यावर पेशवाईत पर्वतीचं तळं झालं होतं. आजच्या सारसबागेतला गणपती 'तळ्यातला गणपती' म्हणून ओळखला जातो तो त्यामुळेच. ओढ्याच्या पूर्ण लांबीवर, वरपासून, अशा थांब्याच्या जागा असतील तर नेहमीच्या पावसात पातळी नक्की कमी चढते. असामान्य पावसात नाही.

चीनमध्ये यू कोंगजियान या उद्यानं आखणाऱ्या रचनाकाराने पाणी शोषणाऱ्या शहरांचा आग्रह आयुष्यभर धरला. हौतान त्यांचंच. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये विमान अपघातात ते गेले. त्यांच्या विचारामागे सरकारही उभं राहिलं. तरी २० जुलै २०२१ ला झेंगझोऊमध्ये एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला तेव्हा शहर बुडालं. एवढ्या पावसासाठी कोणतीच बाग किंवा गटार बांधलेली नसते. तिथे लागतो वेळेवर इशारा आणि वस्ती हलवण्याची तयारी. बिशानमध्येही पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं, भोंगे आणि दिवे आहेत. नदी चढायला लागली की मैदान रिकामं करतात.

पूररेषेच्या आत बाग करता येते का?

येते. जलसंपदा विभाग दोन रेषा आखतो: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही. बाग, मैदान अशा मोकळ्या वापराला मुभा आहे. गैरफायदा घेतला जातो तो इथेच. 'बाग' म्हणून भराव टाकला जातो, आणि भराव पडला की पाण्याची जागा गेली, वर लॉन असो की इमारत. आराखड्यात भराव किती घनमीटर आणि खोदाई किती घनमीटर हे दोन आकडे शोधा. खोदाई जास्त असली पाहिजे.

बाग पुरात बुडाली तर सगळं वाहून नाही का जाणार?

बुडणार हे धरूनच ती बांधायची. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचं बफेलो बायू उद्यान २०१५ मध्ये पूर्ण झालं आणि २०१७ च्या हार्वी वादळात पाण्याखाली गेलं. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला बरेच महिने लागले, पण उद्यान पुन्हा उभं राहिलं. खालच्या भागात जड दगडी बाक, जमिनीत पक्के रोवलेले खांब आणि देशी गवत चालतं. विजेचे बॉक्स, स्वच्छतागृहं, व्यायामाची महागडी यंत्रं वरच्या अंगाला ठेवायची. पेव्हर ब्लॉक पुरात उखडतात, खालच्या वाटा त्यांच्या करू नयेत.

डास होतील ना?

नीट बांधलेल्या वाफ्यात नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात आणि वाफ्यावरचं पाणी चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत खाली गेलं पाहिजे. दोन दिवसांनंतरही पाणी उभं दिसलं तर वाफा चोंदला आहे, तक्रार करा. कायम पाण्याचं तळं ठेवायचं असेल तर ते पुरेसं खोल, हलतं आणि देशी माशांचं असावं. बहुतेक वेळा डासांचं मूळ बागेत नसून शेजारच्या झाकण नसलेल्या चेंबरमध्ये आणि बांधकामावरच्या पिंपांत सापडतं.

झाडं कोणती लावायची?

चार महिने पाण्यात आणि आठ महिने कोरड्यात तग धरतील अशी. ही अट कडक आहे, परदेशी पुस्तकांतल्या याद्या इथे कामाला येत नाहीत. वाफ्यांत वाळा सगळ्यात भरवशाचा. त्याची मुळं खोल जातात आणि माती मोकळी ठेवतात. सोबत लव्हाळा, वेखंड आणि कर्दळ जास्त ओलीच्या जागी. पाणकणीस पाणी छान साफ करतं, पण मोकळं सोडलं तर बाकी सगळ्यांना हुसकावून लावतं, त्याला स्वतंत्र कुंड द्या. काठावर वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. खडकाळ पात्रात शेरणी, तिला पुराची सवय असते. सुबाभूळ नको, ती काठ व्यापते.

आणि काठावर आधीच उभी असलेली झाडं तोडून ही यादी लावायची नसते. पन्नास वर्षांच्या करंजाने धरलेली माती नवीन रोपं धरू शकत नाहीत.

मुलं या पाण्यात खेळली तर चालेल?

चालणार नाही. समजा आत येणाऱ्या पाण्यात १०० मिलिलिटरला दहा लाख विष्ठाजन्य जिवाणू आहेत आणि वाफ्याने त्यातले नव्वद टक्के अडवले. काम उत्तम झालं, तरी एक लाख उरले. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची कमाल मर्यादा २,५०० आहे. खेळायचं पाणी वेगळं, निर्जंतुक केलेलं असावं. पाटी लावायची तर ती मराठीत, ठळक आणि मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर हवी.

गणपती विसर्जन, निर्माल्य, दशक्रिया विधी यांचं काय?

त्यांना आराखड्यात जागा द्यावी लागते, नाहीतर लोक आपली जागा करून घेतात आणि ते रास्तच आहे. घाट ठेवा, विसर्जनाचे हौद ठेवा, निर्माल्यासाठी वेगळी सोय ठेवा. हौदाचं पाणी वाफ्यांत सोडू नका, रंगांचा आणि मातीचा गाळ त्यांना चोंदवतो. ते मैलावाहिनीला जोडा. गणेशोत्सव ऐन पावसाळ्यात येतो, तेव्हा गर्दीची वाट वाफ्यांवरून जाणार नाही हे पाहा. ओल्या मातीवर एक रात्र हजारो पावलं पडली की ती दाबली जाते आणि मुरण्याचा वेग संपतो.

देखभाल कोण करणार? दोन वर्षांत उकिरडा होतो, हा अनुभव आहे.

अनुभव खरा आहे. निविदेत देखभालीची पाच वर्षं त्याच ठेकेदाराच्या गळ्यात असतील आणि पैसे कामगिरीवर मिळणार असतील तरच हे टिकतं.

काम कठीण नाही, वेळेवर व्हावं लागतं. गाळाचं कुंड मेअखेर आणि पुन्हा ऑगस्टमध्ये उपसायचं. कर्बच्या फटींतला कचरा प्रत्येक मोठ्या पावसानंतर काढायचा, कारण एक पिशवी अडकली की पाणी आत येणं थांबतं. पहिली दोन वर्षं तण हाताने उपटायचं. पाणी रेंगाळायला लागलं की वरचा पाच सेंटिमीटरचा थर खरवडून नवा घालायचा. जड धातू बरेचसे त्या थरातच साठतात, म्हणून ती माती शेतात किंवा रोपवाटिकेत द्यायची नाही. आणि नालेसफाईचा जेसीबी वाफ्यात उतरू द्यायचा नाही. एका फेरीत तो दोन वर्षांची मुळं काढून नेतो.

नव्या वाफ्यांचा सगळ्यात मोठा शत्रू शेजारचं बांधकाम असतं. वरच्या अंगाला इमारतींची कामं चालू असताना वाफे पूर्ण केले तर पहिल्या पावसात सिमेंट-मातीचा चिखल त्यांना बुजवतो. वाफे सगळ्यात शेवटी भरा.

काठावरच्या वस्त्यांना हटवूनच हे होणार का?

होऊ नये. पुराचा पहिला फटका या वस्त्यांनाच बसतो, म्हणून सुरक्षित घर हा त्यांचा हक्क आहे. पण ते जवळ, कामधंद्याच्या आणि शाळेच्या अंतरात मिळालं पाहिजे, आणि बाग सुरू होण्याआधी मिळालं पाहिजे. वाफ्यांच्या देखभालीचं काम याच वस्त्यांतल्या बचत गटांना मिळालं तर ते जास्त नीट होईल असं मला वाटतं. पाणी कुठून येतं आणि कुठे तुंबतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

खर्च किती?

जागेप्रमाणे फार बदलतो. बिशानचा ६२ हेक्टरांचा प्रकल्प सुमारे ७ कोटी ६० लाख सिंगापूर डॉलरचा होता. आपल्याकडे माती, खडी, पाइप आणि रोपं महाग नाहीत. महाग असतात भिंती, ग्रॅनाइट आणि रोषणाई.

आमच्या प्रभागात काम मंजूर झालं आहे. काय मागून घ्यायचं?

पाणलोटाचा नकाशा मागा, म्हणजे कोणत्या गल्ल्यांचं पाणी या बागेत येणार ते कळेल. आडवा छेद मागा, रस्ता, वाफा आणि नदीतळ यांच्या पातळ्या मीटरमध्ये लिहिलेला. ड्रेनेजच्या चुकीच्या जोडण्या शोधल्याचा अहवाल मागा. ही कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मिळतात. काम झाल्यावर पावसाळ्यात आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याचे नमुने एकाच दिवशी घेतले जावेत आणि निकाल बागेच्या फलकावर लागावेत, असा आग्रह धरा. मेलबर्नकडे गाळाचे ८० टक्के, फॉस्फरसचे ४५ आणि नायट्रोजनचे ४५ टक्के अडवणं असं उद्दिष्ट ठेवतात. आपल्या कंत्राटात असा एखादा आकडा आहे का, ते बघा.

नदी लांब आहे, आमच्याकडे फक्त सोसायटीचं आवार आहे. तिथे काही जमेल?

जमेल. दोनशे चौरस मीटर गच्चीवर २५ मिमी पाऊस म्हणजे पाच हजार लिटर. गच्चीचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, ते साध्या गाळणीतून बोअरच्या पुनर्भरणाला जाऊ द्या. पार्किंगचं आणि आतल्या रस्त्याचं पाणी वेगळं ठेवा. त्यात ऑइल असतं, ते बोअरमध्ये कधीच सोडू नका. त्याच्यासाठी इमारतीच्या पायापासून तीनेक मीटर दूर, दहा-बारा चौरस मीटरचा खोलगट वाफा करा, आत वर सांगितलेलेच थर घाला, वाळा लावा आणि जास्तीचं पाणी पावसाळी गटारात जाईल असा सांडवा ठेवा. गवंडी, प्लंबर आणि माळी मिळून हे काम आठवड्याभरात करू शकतात. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू करा, म्हणजे रोपं पावसाआधी मूळ धरतील.